टोपी वाजली की थांबायचं

पहिली चूक प्रतिमाने केली, आणि तीही तव्यावर. चाळीस वर्षं घरात जे काही वाळलेलं आलं, जिरं, ओवा, तीळ, धणे, ते तिने आधी मंद आचेवर भाजलं आणि मगच कुटलं. त्यामुळे डॉक्टरांच्या सहीने आलेला तो हिरवा पाला डबीतून बाहेर काढल्यावर तिच्या हातांनी तिला न विचारताच आपलं काम सुरू केलं. लोखंडी तवा चढवला, पाला पसरला, उलथन्याने दोनदा खालीवर केला. वास सुटला, पण भलताच. मग धूर झाला, अलार्म कोकलायला लागला आणि खालच्या मजल्यावरच्या लताबाई जिना चढून वर आल्या.

"काय गं जळलं?"

"मेथी," प्रतिमा म्हणाली.

लताबाईंनी एकदा तव्याकडे पाहिलं, एकदा प्रतिमाकडे. "बरं, मेथी तर मेथी," म्हणाल्या, आणि खिडकी उघडून द्यायला ओट्याशी गेल्या. बाई भली. दुसरी कोणी असती तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या मराठी मंडळात बातमी झाली असती.

त्याचं खरं नाव, म्हणजे गांजा, देवघराला लागून असलेल्या स्वयंपाकघरात उच्चारायला प्रतिमाची जीभ रेटत नव्हती. म्हणून घरात त्याला पाला म्हणायचं असं ठरलं होतं. आणि हौस म्हणून तो कोणी आणला नव्हता. एकनाथरावांच्या मूत्राशयात गाठ निघाली होती, किमोचे तीन डोस झाले होते, चौथा तीन आठवड्यांनी होता, आणि तिसऱ्यानंतर माणसाला अन्न नुसतं दिसलं तरी उमळून यायला लागलं होतं. उलटीवरच्या तिन्ही गोळ्या करून झाल्या. वरणभाताचा वास नको, फोडणीचा नको, शेवटी शेवटी तर तापवलेल्या दुधाचाही नको. वजनकाट्यावरचा आकडा बघून नर्स म्हणाली होती की आणखी चार पौंड गेले तर पुढचा डोस लांबवावा लागेल. त्या दिवशी एकनाथरावांचा चेहरा जो पडला तो घरी येईपर्यंत वर आला नाही. मग डॉक्टरांनीच सुचवलं की इलिनॉयमध्ये हे कायद्यात बसतं, बऱ्याच जणांना भूक लागते, करून पाहा. फक्त ओढून धूर घेऊ नका, वाफ घ्या.

वाफ म्हटल्यावर प्रतिमाच्या डोळ्यांपुढे पातेलं, टॉवेल आणि निलगिरीचं तेल आलं. तिथूनच सगळा घोळ झाला.

इला, त्यांची मुलगी, दुसऱ्या राज्यात, प्लेनोला असते. तिला फोनवर तव्याची गोष्ट सांगितली तर ती हसून हसून बोलेना. "आई, you roasted it? सिरियसली?" मग जरा शांत झाल्यावर म्हणाली, "टेम्परेचरचा प्रश्न आहे गं. जाळायचं नसतं. नुसतं इतपत गरम करायचं की त्यातलं औषध वाफेत येईल, पाला जळणार नाही. त्याचं डिव्हाइस असतं. मी ऑर्डर करते, तू काही भाजू नकोस."

तीन दिवसांनी खोकं आलं. साबणाच्या वडीएवढं काळं यंत्र, पुढे उजळणारे आकडे, चार्जर, वर जाड पुस्तिका. फोनला जोडायचं, फोनवर आकडा ठरवायचा, आणि हवं तेवढं तापलं की यंत्र हातात थरथरून सांगणार, झालं, आता घ्या. प्रतिमाला आवडलं. जे आपण होऊन सांगतं, त्याच्यापाशी उभं राहावं लागत नाही. राइस कुकरही तिला त्याचसाठी आवडायचा.

रविवारी दुपारी एकनाथराव पुढच्या खोलीत व्हिडिओ कॉलवर इलासोबत ते यंत्र घेऊन बसले. प्रतिमा आत मऊ भात घोटत होती. अधूनमधून इलाचा आवाज येत होता, "बाबा, जाणवलं का? अजून नाही? वेट, परत करूया." वीसेक मिनिटांनी एकनाथराव आत आले आणि यंत्र खोक्यात कोंबून ओट्यावर ठेवलं.

"हे खेळणं नको मला."

"का? काय झालं?"

"काय व्हायचंय? बॅटरी, फोन, ॲप. औषध घ्यायला पासवर्ड लागतो. माझं आयुष्य ज्योतीवर गेलं प्रतिमा, मला हे असलं शिकवू नका."

ते खरंच होतं. एकनाथरावांनी बत्तीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये काढली होती. डेंटिस्ट साचे पाठवायचे आणि हे त्यावरून दात घडवायचे, मेणात कोरून, मग धातूत ओतून. सोनं कधी ओतायचं ते ज्योतीखालचा रंग बघून ठरवायचे आणि ज्योतीत ऑक्सिजन जास्त झालाय हे गॅसच्या टॉर्चच्या नुसत्या आवाजावरून ओळखायचे. तरुण मुलं घड्याळ लावायची, हे कान लावायचे. डेव्हनवर, देशी दुकानांच्या त्या रस्त्यावर, चालताना समोरून कोणी हसत आलं की प्रतिमाला हळूच सांगायचे, डावीकडचा वरचा सुळा माझा. तेव्हा अशा माणसाला साबणाची वडी नको वाटली यात नवल ते काय, असं प्रतिमाला वाटलं. पुरुषांचा अभिमान म्हणजे तापल्या तव्यासारखा, हात लावून बघायला जाऊ नये. तिने खोकं फडताळात वर टाकलं आणि विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी दोघं गाडी घेऊन पाला विकणाऱ्या दुकानात गेली. आत जाताना प्रतिमाने उगीचच ओढणी डोक्यावर घेतली. काउंटरवर निळ्या केसांची, नाकात रिंग घातलेली एक मुलगी होती, पण वागायला काय गोड. तिने आजार विचारला, हळहळली, आणि काचेखालून एक वस्तू काढली. बोटभर लांबीची स्टीलची नळी, तोंडाला टोपी. पाला नळीच्या टोकात भरायचा, टोपी घालायची, टॉर्च लायटरची ज्योत टोपीवर धरायची आणि नळी बोटांत फिरवत राहायची. टोपीच्या आत दोन चकत्या असतात. हवं तेवढं तापलं की त्या टिक करतात. टोपी वाजली की थांबायचं, ज्योत बाजूला करायची आणि वाफ ओढायची. गार झालं की पुन्हा टिक. बस. बॅटरी नाही, फोन नाही, काही नाही.

"पण लक्ष लागतं," ती मुलगी म्हणाली. "वाजल्यावरही तापवत राहिलात तर जळणार, आणि मग तो धूरच. टोपी चटका देते, तिला हात लावायचा नाही. ज्यांना हे जमत नाही त्यांना मी बॅटरीवालंच देते. तुम्हाला जमेल?"

तिने करून दाखवलं. टिक. तीन हात लांब उभ्या असलेल्या प्रतिमालासुद्धा स्वच्छ ऐकू आलं. एकनाथराव त्या मुलीच्या हातांकडे टक लावून बघत होते. तिने ज्योत बाजूला केली तशी त्यांनी मान हलवली.

"जमेल. आय वर्क्ड विथ टॉर्च थर्टी टू इयर्स."

आणि पहिल्याच दिवशी जळलं. दुसऱ्या दिवशीही जळलं. एकनाथराव खोकून खोकून लाल झाले. "पालाच वाईट आहे," म्हणाले. मग म्हणाले टोपी खराब आहे, वाजतच नाही. प्रतिमा स्वयंपाकघरात चपातीची कणीक भिजवत होती. तिला तिथे, नळ चालू असताना, टिक ऐकू आलं होतं.

ती दारात येऊन म्हणाली, "अहो, वाजली की ती मघाशीच."

"कधी?"

"मघाशी. मी ऐकलं ना."

"तू तिथून ऐकलंस आणि मी इथे बसून ऐकलं नाही? काहीतरी बोलू नकोस."

तिसऱ्या दिवशी ती मुद्दाम जवळ जाऊन बसली. त्यांनी ज्योत धरली, नळी फिरवायला लागले. फिरवणं मात्र बघण्यासारखं होतं, सावकाश, एकसारखं, जुना हात. टिक झालं. ते फिरवतच राहिले.

"झालं," ती म्हणाली.

त्यांनी ज्योत बाजूला केली, तिच्याकडे न बघता नळी तोंडाला लावली आणि ओढली. या वेळी खोकला आला नाही. पंधरा मिनिटं डोळे मिटून बसले. मग डोळे उघडून म्हणाले, "काय गं, पिठलं आहे का?"

पिठलं नव्हतं. पण प्रतिमाने ते दहा मिनिटांत केलं आणि एकनाथरावांनी भाताबरोबर दोन वाट्या खाल्ल्या. ती समोर बसून नुसती बघत होती, तिला वाटत होतं हे ताट कधी रिकामं होऊच नये. मग मोरीत तोंड धुवायच्या निमित्ताने जाऊन ती थोडी रडली.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. सकाळी एकदा, संध्याकाळी जेवणाआधी एकदा. ते ज्योत धरायचे, ती शेजारी बसून म्हणायची, झालं. त्यांनी कधी "ऐकू येत नाही" म्हटलं नाही, तिने कधी विचारलं नाही. सत्तरी आली, कान जायचेच, आपल्याला तरी चष्म्याशिवाय सुई कुठे दिसते, अशी तिने स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर तिला विचारायचंच नव्हतं. माणूस जेवत होता. वजन दीड पौंडाने वर गेलं होतं. चालत्या गाडीला खीळ घालायला कोण जाईल?

इला फोनवर विचारायची, "आई, माझं डिव्हाइस का नाही वापरत बाबा? It's so much safer." प्रतिमा म्हणायची, "अगं त्यांना ज्योतच आवडते. जुनी सवय." इला म्हणायची, "ओके, whatever works." तिच्या आवाजातलं वाईट वाटणं प्रतिमाला कळायचं, पण नवरा आणि मुलगी यांच्यामध्ये किती वेळा उभं राहायचं, तेही एकदा ठरवावं लागतं.

चौथ्या डोसाला तीन दिवस राहिले होते, तेव्हाची गोष्ट. सोमवारी लताबाई डेव्हनला निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर प्रतिमाही गेली. तिला कोथिंबीर हवी होती, ज्वारीचं पीठ हवं होतं. लताबाईंना गाडी लावायला जागा मिळेपर्यंत तीन चकरा झाल्या, मग मिठाईवाल्याकडे रांग. घरी यायला दीड तास उशीर झाला. वर आली तर घरात जळका वास, आणि एकनाथराव टेबलाशी बसून, हो, स्वतःच्या हाताने वाढून घेऊन, दहीभात खात होते.

"तुझी वाट बघितली," ते म्हणाले. "मग घेतलं एकट्यानेच. जमलं की."

तिने कोथिंबीर ओट्यावर ठेवली आणि त्यांच्याकडे वळली. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. दोन्हींच्या टोकांना फोड आले होते, चांगले टपोरे, पाण्याने भरलेले, आणि एक फुटून त्याची सालपटं भाताला लागत होती. आणि हा माणूस त्याच बोटांनी भात कालवून खात होता.

"हे काय झालं?"

"काय?"

"हात बघा तुमचा."

त्यांनी हात उलटा करून बघितला. दुसऱ्याच कोणाचा तरी असावा तसा बघितला. "हे कधी झालं?" म्हणाले.

प्रतिमाने त्यांचा हात धुतला, मलम लावलं, पट्टी बांधली. फुटलेल्या कातडीला मलम लावताना तिने मुद्दाम जरा दाबून पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांना कळलंसुद्धा नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

त्यांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, "दुसऱ्या डोसनंतर. आधी मुंग्या यायच्या. आता मुंग्याही येत नाहीत."

"आणि कान?"

"कानात रातकिडे आहेत. रात्रंदिवस. तुझं बोलणं ऐकू येतं, समोर असलीस की. बारीक आवाज गेले."

"म्हणजे इलाचं ते यंत्र..."

"थरथरत होतं म्हणे. तीनदा थरथरलं आणि बंद झालं. पोरगी तिकडून विचारतेय, बाबा जाणवलं का, बाबा जाणवलं का. मला ते हातात आहे की नाही तेच कळत नव्हतं. दोनदा पडलं." त्यांनी ताट बाजूला सारलं. "आकडे दिसत होते की. आकडे बघून घेता आलं असतं. पण रोज ती विचारणार, थरथरलं का. रोज काय सांगू? म्हणून म्हटलं ज्योत बरी. तिथे डोळ्याने काम होईल, हात सवयीने फिरेल. तर दुकानातल्या त्या मुलीची टोपी निघाली वाजणारी."

आता प्रतिमाला सगळं लख्ख दिसलं. अभिमान कसला आणि जुनी सवय कसली. एक यंत्र हाताला सांगत होतं, दुसरं कानाला सांगत होतं, आणि या माणसाचे हातही गेले होते आणि कानही. जे यंत्र घेतलं असतं त्याने चोरी पकडलीच असती, म्हणून हे एकाकडून दुसऱ्याकडे पळत होते. आणि ती शेजारी बसून झालं, झालं म्हणत त्यांना लपायला जागा करून देत होती.

"अहो, पण डॉक्टरांना का नाही सांगितलं? नर्स दर वेळी विचारते. बधिरपणा आहे का, कानात आवाज आहे का. दर वेळी तुम्ही नाही म्हणता. मी शेजारी बसलेली असते."

"सांगितलं की औषध बंद करतील."

"कोण म्हणालं?"

"औषधाबरोबर दिलेल्या कागदावर लिहिलंय. कान किंवा नसा गेल्या तर हे औषध थांबवावं लागतं. प्रतिमा, गाठ निम्मी झालीय. याच औषधाने झालीय. तीन झाले, एकच राहिलाय. बोटं घेऊन काय करायचंय मला आता? कोणाचे दात घडवायचेत? एक डोस. तेवढा होऊ दे." मग त्यांनी पट्टी बांधलेला हात तिच्या हातावर ठेवला. "तू काही बोलायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला."

"शपथ घालू नका हो."

"घातली."

आता हे अमेरिकेतल्या लोकांना कसं समजावून सांगायचं. प्रतिमा काही अडाणी नव्हती, नागपूरची बी. एस्सी. होती, पंधरा वर्षं इथल्या लायब्ररीत नोकरी केली होती. शपथ मोडली म्हणून माणूस मरत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ज्याच्या जिवावर आधीच टांगती तलवार आहे त्याची शपथ मोडायची म्हटल्यावर बी. एस्सी. काही कामाला येत नाही. शिवाय चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे तिने एक्केचाळीस वर्षं पाळलेलं. घरात वाट्टेल ते बोलावं, आणि ती बोलायचीही, सासऱ्यांसमोरसुद्धा. पण परक्यांपुढे नाही. एकदा एकनाथरावांनी लॅबच्या मालकासमोर तिचं वय चार वर्षांनी कमी सांगितलं होतं, तेव्हाही ती मान डोलावून बसली होती.

मंगळवार, बुधवार ती धड जेवली नाही. सकाळ-संध्याकाळ नळी आता तीच तापवायची, ज्योत तिच्या हातात, टोपी वाजली की तीच थांबायची आणि नळी त्यांच्या तोंडाशी धरायची. ते लहान मुलासारखे ओढायचे आणि जेवायचे. ती त्यांच्याकडे बघत विचार करायची. गाठ की बोटं? हेच तर ते म्हणत होते. असं विचारलं की कोणीही गाठच म्हणेल. पण हिशेब इतका साधा आहे हे कोणी ठरवलं? डॉक्टरांनी ठरवलं नव्हतं. एका कागदावरचं एक वाक्य वाचून या एकट्या माणसाने ठरवलं होतं, आणि तेही घाबरलेल्या माणसाने. पण बोललं आणि खरंच औषध थांबवलं तर? मग उरलेलं आयुष्य ती गाठ वाढतेय का याकडे बघत बसायचं, आणि आपल्यामुळे वाढली हे ऐकायचं. ते बोलले नसते, पण तिने ऐकलंच असतं. इलाला फोन करावा असं दहादा मनात आलं, पण शपथेत इलाही आली.

गुरुवारी हॉस्पिटलमध्ये नेहमीची नर्स नव्हती. एक नवीन, तरुण, भराभर बोलणारी. तिने वजन घेतलं, छान म्हणाली, आणि पाठ वळवून कॉम्प्युटरशी बसली. स्क्रीनकडे तोंड करूनच प्रश्न विचारायला लागली.

"ताप आला होता?"

"नो," एकनाथराव म्हणाले.

"जेवण नीट जातंय ना आता?"

"नो," एकनाथराव म्हणाले.

नर्सने मागे वळून पाहिलं. "नाही? पण वजन तर वाढलंय."

एकनाथराव हसले. प्रतिमाने ते हसणं ओळखलं. नवीन नवीन या देशात आले होते तेव्हा समोरचा काय बोलला ते न कळताही ते असेच हसायचे, मान जराशी तिरकी करून, नम्रपणे, कोणी आपल्याला काढून टाकू नये म्हणून. तिच्या लक्षात आलं की त्यांना प्रश्न ऐकूच येत नव्हते. दर वेळच्या नर्सच्या प्रश्नांचा क्रम त्यांनी पाठ करून ठेवला होता, आणि आजच्या पोरीने तो मोडला होता. ते एवढ्या मोठ्या खोलीत, स्वतःच्या जिवाच्या प्रश्नांना, अंदाजाने उत्तरं देत बसले होते.

"बधिरपणा? मुंग्या?" नर्सने पुन्हा स्क्रीनकडे वळून विचारलं. "कानात आवाज?"

"नो. नो."

"येस," प्रतिमा म्हणाली.

स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. एकनाथराव तिच्याकडे वळले, कारण नर्स तिच्याकडे वळली होती.

"त्यांना ऐकू येत नाही," ती इंग्रजीत म्हणाली, सावकाश, शब्द पारखून घेत. "बोटांना काही कळत नाही. भाजलं तरी कळत नाही. ही पट्टी त्याचीच आहे. दुसऱ्या डोसनंतर सुरू झालं. ते सांगत नाहीत कारण त्यांना वाटतं तुम्ही औषध थांबवाल. आणि मला त्यांनी शपथ घातलीय, हे तुम्हाला कळणार नाही, पण ती मी आत्ता मोडलीय. तेव्हा कृपा करून डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टर आले. त्यांनी आधी खुर्ची ओढून एकनाथरावांच्या अगदी समोर बसून घेतलं, मग बोलले. पट्टी सोडून बोटं पाहिली, टाचणीने टोचून विचारलं, कुठे कळतं, कुठे नाही. मनगटापर्यंत कुठेच कळत नव्हतं. एकनाथराव सगळ्याला खरी उत्तरं देत होते. तिच्याकडे बघत मात्र नव्हते.

"थांबवणार?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"हे औषध, हो. आज देणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण त्याचं भावंडासारखं दुसरं आहे. काम जवळपास तेच करतं. कदाचित किंचित कमी, ते लपवत नाही. पण कानांना आणि नसांना ते बरंच सांभाळून घेतं. पुढच्या आठवड्यात ते देऊ. गेलेलं सगळं परत येईल असं सांगता येत नाही. थोडं येईल." मग चष्मा काढून म्हणाले, "दुसऱ्यानंतर सांगितलं असतं ना, तर तिसरा डोसच बदलला असता. आणि आज चौथा दिला असता तर माझ्या मते ऐकणं बरंचसं गेलं असतं."

दुसरं औषध होतं. पहिल्यापासून होतं. हे प्रतिमाला इतकं लागलं की तिला उठून कोणाला तरी रागवावंसं वाटलं, पण रागवण्यासारखं तिथे कोणी नव्हतं. एकनाथरावांनी आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते आणि ते त्यांच्याकडे बघत बसले होते.

गाडी तीच चालवत होती. वेस्टर्न ॲव्हेन्यूवर रहदारी तुंबली होती, बसच्या मागे बस. एकनाथराव बाजूच्या खिडकीकडे तोंड करून बसले होते. रागावले असतील तर रागावोत, एक्केचाळीस वर्षांत एवढा हक्क त्यांनाही आहे, असं ती मनाशी म्हणत होती.

चौथ्या सिग्नलला गाडी थांबल्यावर ते म्हणाले, "मला वाटलं होतं तू गप्प बसशील."

"मलाही तसंच वाटलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

तिने त्यांच्याकडे तोंड केलं आणि चांगलं खणखणीत, मागच्या गाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "मलाही तसंच वाटलं होतं."

"ओरडतेस काय एवढी? बहिरा आहे का मी?" एकनाथराव म्हणाले, जसे ते गेली एक्केचाळीस वर्षं म्हणत आले होते.

सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, तो त्यांना ऐकू आला की नाही कोण जाणे. ते समोर बघत राहिले.

"आहे," ते म्हणाले. "इलाला तू सांगू नकोस. मी सांगतो."